कुपनांचे पैसे आणि धाकलो: किनाऱ्यावरच्या एका पॅरिशमधलं प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किनारपट्टीवरच्या एका गावातलं आहे. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. ज्या मुलाभोवती सगळं घडलं त्याला घरी धाकलो, म्हणजे धाकटा, म्हणतात. मालवणी मुलखात घरटी एक धाकलो सापडेल, तेव्हा इथेही तेच नाव ठेवलं. त्याची आणि त्याच्या आईवडिलांची संमती घेतली आहे. मी त्या काळात पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्तीच्या, युवा मंडळाचा मार्गदर्शक होतो. तरुण मुलांमध्ये काम करणारे फादर, सिस्टर, शिक्षक अशा प्रसंगी काय करतात आणि काय करायचं टाळतात, याची चर्चा व्हावी म्हणून हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

पॅरिश लहान. निम्मी घरं दर्यावर जगणारी, उरलेली आंबा-काजू, गोव्यातली नोकरी किंवा गल्फमधून येणारा पैसा यांवर. युवा मंडळात पंचवीस-तीस मुलंमुली. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये अभ्यासिका, रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर) बैठक, पावसाळा सरला की फुटबॉल. डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, लकी ड्रॉची कुपनं विकायची जबाबदारी याच मंडळाची. त्या पैशांतून वर्षभराचा खर्च निघतो.

धाकलो तेव्हा सोळा वर्षांचा होता. वडील ट्रॉलरवर खलाशी. आदल्या हंगामात जाळं ओढायच्या विंचच्या दोरात हात सापडून त्यांची उजव्या हाताची दोन बोटं गेली. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या बंदीच्या काळात घर चालतं ते मालकाने पुढच्या हंगामापोटी दिलेल्या उचलीवर. वडिलांनी ₹40,000 उचल घेतली होती. छपराचं काम आणि थोरल्या मुलीची नर्सिंगची फी यांत ती संपली. ऑगस्टमध्ये बोट दर्यात जायची वेळ आली तेव्हा हात बरा नव्हता. मग ‘चार दिस’ म्हणून धाकलो गेला. चाराचे चाळीस झाले. दहावीच्या पटावर त्याचं नाव होतं, वर्गात तो नव्हता.

हे ठरवलं कुणीच नाही. बापाने मुलाला शाळेतून काढलं नाही, मालकाने पोराला मागितलं नाही, शाळेने नाव कापलं नाही. एक माणूस कमी पडत होता, तिथे दुसरा उभा राहिला. किनाऱ्यावर शाळा सुटते ती बहुधा अशीच, आणि म्हणून ती कुणाच्या डोळ्यांत येत नाही. आमच्याही आली नाही. रविवारच्या बैठकीला तो दिसत नव्हता, पण हंगामात निम्मी मुलं दिसत नसतात.

अडचण

फेस्ताच्या आधीच्या रविवारी कुपनांचा हिशोब झाला. एका पुस्तकात 20 कुपनं, प्रत्येकी ₹50. धाकल्याने नऊ पुस्तकं नेली होती. म्हणजे ₹9,000 यायला हवे होते, आले ₹1,800. उरलेल्या ₹7,200 बद्दल त्याने आधी ‘लोकांकडून येवचे असत’ असं सांगितलं. मंडळाच्या खजिनदार मुलीने त्याच्या पुस्तकांच्या स्थळप्रती मागून घेतल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. डिझेलचा वास येणाऱ्या. प्रत्येक कुपनावर घेणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर, अगदी नीट अक्षरात. शेवटची दोन पुस्तकं पेन्सिलीने भरलेली. जेटीवरचे बर्फवाले, डिझेलपंपाचा माणूस, दोन नेपाळी खलाशी, सगळ्यांची नावं होती. आम्ही चार-पाच जणांना विचारलं. सगळ्यांनी रोख दिले होते.

म्हणजे पैसे खाल्ले होते, पण ते लपवायची तयारी त्याने केली नव्हती. ज्याला अफरातफर करायची असते तो स्थळप्रत इतकी प्रामाणिकपणे भरत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीमुळे बदललं असं मला वाटतं. खजिनदाराने त्या स्थळप्रती मागितल्या नसत्या तर सभेत फक्त एक आकडा आला असता.

आकडा मात्र सभेआधीच गावात पोचला. दोन दिवसांत दुकानावर ‘इगर्जीचे (चर्चचे) पैसे खाल्ल्यान’ एवढंच ऐकू येत होतं.

समोर असलेले पर्याय

पॅरिश कौन्सिलची, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळाची, तातडीची सभा झाली. तिथे जे बोललं गेलं त्यात चार दिशा होत्या.

काहींचं म्हणणं, नाव जाहीर करून मंडळातून काढा. कारणही होतं. लोक चर्चच्या नावावर पैसे देतात. एकदा विश्वास गेला की पुढच्या वर्षी कुपन कोण घेईल? हे म्हणणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांतल्या दोघांनी स्वतः दारोदार फिरून चर्चचं छप्पर उभं केलं होतं.

एकाने पोलिसांचं नाव काढलं. ते तिथेच थांबलं. अठरा वर्षांखालच्या मुलाला 2015 चा बाल न्याय कायदा लागू होतो आणि एवढ्या रकमेच्या बाबतीत त्या कायद्याचा रोख शिक्षेपेक्षा सुधारण्याकडे आहे, हे एका निवृत्त शिक्षकांनी समजावलं. शिवाय चौकशी सुरू झाली की सोळा वर्षांचा मुलगा ट्रॉलरवर कसा, हा प्रश्न आधी आला असता. तो यायलाच हवा होता, फक्त त्या वाटेने नको होता.

तिसरी दिशा सगळ्यांत मोहाची. गल्फमध्ये असलेल्या एका कुटुंबाने फोन करून सांगितलं, ‘सात हजारांचा काय ता? आमी भरतंव. विषय मिटवा.’ सभेतल्या बऱ्याच जणांना हायसं वाटलं. दयाही झाली, फेस्तही निर्विघ्न. मला हा पर्याय सर्वांत धोक्याचा वाटला. कारण त्यात मुलाकडे कुणाला बघावंच लागत नव्हतं. त्याने काय केलं, का केलं, त्याला काय हवं आहे, यांतलं काहीही न विचारता प्रकरण बंद. अशी दया देणाऱ्याला मोकळं करते. घेणारा जिथे होता तिथेच राहतो, वर उपकाराचं ओझं घेऊन.

चौथी दिशा फादरांनी मांडली. त्यांनी बायबलमधल्या जक्कयची गोष्ट काढली. यरीहोतला मुख्य जकातदार, गावाने चोर ठरवलेला. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोक कुरकुरतात. आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन हे जक्कय म्हणतो ते त्यानंतर. फादरांचं म्हणणं एवढंच होतं: घरी जाणं आधी, हिशोब नंतर, पण हिशोब चुकवायचा नाही. सभेत कुणीतरी पुटपुटलं, ‘तो जक्कय श्रीमंत होतो, फादर.’ खरं होतं. चौपट सोडा, धाकल्याकडे एकपटही नव्हते.

शेवटी ठरलं ते असं: फेस्त होईपर्यंत नाव जाहीर करायचं नाही, बाहेरचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि हिशोबात ₹7,200 ‘कुपन खात्यातील येणे’ म्हणून उघड दाखवायचे. ही शेवटची ओळ नुसती हिशोबाची वाटेल. पण तिने चर्चला खोटं बोलण्यापासून वाचवलं आणि मुलाची परतफेड करायची जागाही मोकळी ठेवली.

काय केलं

घरी दोघांनी जायचं ठरलं: मी आणि मंडळाचं काम बघणाऱ्या सिस्टर. लहान मुलांशी आणि किशोरांशी बोलताना मोठ्या माणसाने एकट्याने बसायचं नाही, दार उघडं ठेवायचं, हा नियम आम्ही पाळतो. दयेच्या कामात त्याचा विसर पडणं फार सोपं असतं, कारण हेतू चांगला असल्याची खात्री असते.

आईने चहा केला. वडील हात मांडीखाली घेऊन बसले होते. पैशांबद्दल आम्ही पहिल्या भेटीत विचारलं नाही. वडिलांच्या हाताबद्दल विचारलं, उचलीबद्दल, बोटीबद्दल. धाकलो दारात उभा. निघताना सिस्टरनी त्याला विचारलं, ‘तुका काय होया, बाबा?’ तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘माका दर्यार जावचा नाय. इंजिनाचा काम शिकाक होया.’

बायबलमधला बार्तीमय आंधळा आहे हे समोर दिसत असतानाही येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तरुणांच्या कामात मला हा प्रश्न पायाभूत वाटतो. आम्ही सगळे गृहीत धरून होतो की धाकल्याला शाळेत परत जायचं असेल. अभ्यासिकेत जागा, वह्या, गणिताला शिकवणी, असं सगळं सभेत आधीच ठरत आलं होतं. त्याच्या तोंडून शाळेचं नावही निघालं नाही.

पैशांचं त्याने दुसऱ्या भेटीत आपणहून सांगितलं. जाळं टाकलं की ओढेपर्यंत बोटीवर रिकामा वेळ असतो. किनाऱ्याजवळ असलं की मोबाइलला रेंज असते. एका खलाशाने त्याला पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ दाखवला. सुरुवातीला चारशे रुपये जिंकला. मग कुपनांचे साधारण ₹4,500 त्यात गेले. उरलेले ₹2,700 त्याने जेटीवरच्या कामाचे म्हणून आईला दिले होते. आईने त्यातून किराणा भरला. हे ऐकताना तिने एकदाच विचारलं, ‘माका दिलेले पण इगर्जीचे?’ (ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. हे प्रकरण त्याआधीचं.)

इथे आमच्यातच मतभेद झाला. सगळे पैसे घरात गेले असते तर कौन्सिलला सांगणं सोपं होतं. जुगाराचं सांगितलं की सहानुभूती ओसरणार. सिस्टरचं मत, अर्धं झाकून मिळवलेली दया टिकत नाही. आणि मुलालाही कळेल की दया मिळवायला गोष्ट चांगली असावी लागते. आम्ही कौन्सिलच्या तीन जणांना सगळं सांगितलं, बाकीच्यांना परतफेडीचा करार तेवढा. हे मधलं अंतर बरोबर होतं की नाही यावर आजही दोन मतं आहेत.

मालकाकडे फादर आणि मी गेलो. मालक गाबीत या मच्छीमार समाजातले, गावातले जुने बोटवाले. चर्चच्या फेस्ताला वर्गणी देणारे. तेवढ्यावर ते उचल सोडतील असं समजणं भाबडेपणाचं होतं. ते स्पष्ट बोलले: ‘फादर, माजो धंदो दयेर चालना नाय. हंगामाच्या मधी माणूस गेलो तर दुसऱ्याक नवी उचल देवची लागता.’ उचलीतले ₹28,000 अजून फिटायचे होते. डिझेल, बर्फ, मासळी कमी, एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्या बोटींचा त्रास, सगळं त्यांनी ऐकवलं आणि त्यांत खोटं काही नव्हतं. फादरांनी वाद घातला नाही. सोळा वर्षांच्या मुलाला बोटीवर काही झालं तर काय, एवढं एकदा विचारलं. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर बोटीवरच्या माणसांच्या ओळखपत्रांची तपासणी कडक झाली आहे, हे मालकांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

वाट काढली ती धाकल्याच्या वडिलांनी, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, मला जेटीवरचं काम द्या: बर्फ-डिझेलची नोंद, रात्री बोटीची राखण. विंच ओढता येत नाही, पण लिहिता येतं, जागता येतं. मालकांनी मान्य केलं. उचल त्यांच्या पगारातून कापायची, धाकल्याने बोटीवर जायचं नाही.

मग कागद झाला. याची कल्पना एकोणिसाव्या शतकातले इटालियन फादर डॉन बॉस्को यांच्याकडून आली. तुरीनमध्ये कामाला ठेवलेल्या पोरांसाठी त्यांनी मालकांशी स्टॅम्प पेपरवर करार केले. 1852 चा एका सुताराच्या शिकाऊ मुलाचा करार प्रसिद्ध आहे. मालकाने मुलाला शब्दांनीच समज द्यायची, मारायचं नाही, धंद्याबाहेरचं काम सांगायचं नाही, सणावारी सुट्टी, मजुरी किती ते लिहिलेलं. ज्या माणसाच्या मायेच्या गोष्टी सगळीकडे सांगितल्या जातात, त्याला माया कागदावर उतरवावीशी वाटली. आमच्या कागदावर वडील, मालक, फादर आणि धाकलो अशा चार सह्या होत्या. दुसऱ्या कागदावर कुपनांची परतफेड: महिन्याला ₹400. ही रक्कम धाकल्याने स्वतः सांगितली. कौन्सिल शंभरावर तयार होतं.

काम मिळालं तालुक्याच्या गावी, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे. थोडा हातखर्च, दुपारचं जेवण. दहावीला शाळेबाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म. त्या वर्षीची मुदत गेली होती, म्हणून पुढच्या वर्षी भरला.

आता ज्याचा विचार कुणीच केला नव्हता ते. जानेवारीच्या बैठकीत खजिनदार मुलगी उठली आणि म्हणाली, ‘सर, आमी पै न् पै दिलंव. आमका कोणी इचारूक नाय. त्येणा पैसे खाल्ल्यान, आणि सगळे त्याच्याच घराक जातत.’ खोलीत शांतता. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, पैसे उडवून परतलेल्या धाकट्याचं बाप स्वागत करतो म्हणून थोरला भाऊ रुसून घराबाहेर उभा राहतो आणि बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो, पण तो आत गेला की नाही हे दाखल्यात सांगितलेलं नाही. आमची थोरली बहीण हॉलच्या मधोमध उभी होती. तिला उत्तर म्हणून प्रवचन देणं शक्य होतं, पण सिस्टरनी तिला तोच प्रश्न विचारला: तुला काय हवं? ती म्हणाली, मला कॉलेजसाठी रोज गोव्याच्या हद्दीपर्यंत जावं लागतं, संध्याकाळची एसटी चुकली की अंधारात घाटीतून चालत यावं लागतं, हे कुणाला माहीत आहे का? कुणालाच नव्हतं. त्या आठवड्यापासून मुलांनी पाळ्या लावून उतारावर थांबायला सुरुवात केली. नंतर एसटीच्या वेळेसाठी आगारात अर्जही गेला. प्रामाणिक मुलं मदत मागत नाहीत म्हणून त्यांना गरज नाही असं धरून चालणं, ही माझ्या मते अशा कामातली सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी उणीव आहे.

परिणाम

दीड वर्षानंतरची स्थिती अशी. उचल फिटली. वडील जेटीवर कामाला आहेत. धाकलो दहावीला बसला, गणित आणि विज्ञान राहिलं. जुलैच्या पुरवणी परीक्षेत विज्ञान सुटलं, गणित नाही. काही ट्रेडना दहावी नापासही चालतो, म्हणून आयटीआयचा अर्ज भरला आहे. मिस्त्री म्हणतो, पोरगं इंजिनाचा आवाज ऐकून सांगतं कुठे बिघडलंय, फक्त सकाळी वेळेवर येत नाही.

कुपनांचे ₹4,800 परत आले. मग पाच महिने काहीच नाही. कारण विचारलं तेव्हा कळलं, तो खेळ पुन्हा एकदा झाला होता, या वेळी स्वतःच्या हातखर्चातून. कौन्सिलमध्ये ‘बघितलंत?’ असा सूर निघालाच. उरलेले ₹2,400 माफ करायचा ठराव आला आणि फादरांनी तो थांबवला. येणे अजून खात्यावर आहे. मिस्त्रीने हातखर्चातले ₹400 आईकडे द्यायचं कबूल केलं, आणि मागच्या महिन्यापासून ते पुन्हा यायला लागले.

धाकलो मिस्साला क्वचित येतो. मंडळात येत नाही. फुटबॉलला येतो. हे यश की अपयश, असं मला पाहुण्या फादरांनी विचारलं होतं. चर्चमध्ये यावं म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो नव्हतो, एवढंच सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

शाळेतली गैरहजेरी ऑगस्टमध्येच कळायला हवी होती. आता दर हंगामाच्या सुरुवातीला मंडळाची दोन मुलं शाळेत जाऊन विचारून येतात की कोण येत नाही. सोळा वर्षांच्या मुलांना हे काम मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक हॉलमध्ये लावला आहे. तोवर तो तिथे नव्हता.

नऊ पुस्तकं एका मुलाच्या हाती द्यायला नको होती. सोळा वर्षांच्या मुलाच्या खिशात नऊ हजार रोख आणि समोर भुकेलं घर, ही परीक्षा आपणच मांडायची आणि तो नापास झाला की दया दाखवायची, यात काही तरी चुकतं. आता एका वेळी एकच पुस्तक मिळतं, त्याचे पैसे आले की दुसरं, आणि क्यूआर कोडवरून आलेली रक्कम थेट चर्चच्या खात्यात जमा होते.

जुगाराच्या सवयीला आम्ही फारच हलकं घेतलं. करारात मजुरी होती, परतफेड होती, फोनबद्दल एक ओळ नव्हती. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात समुपदेशनासाठी त्याला पहिल्याच महिन्यात न्यायला हवं होतं. नेलं तेव्हा वर्ष उलटलं होतं.

आणि वडिलांना पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर मालकाकडच्या दोन कडू बैठका वाचल्या असत्या. आमची सगळी करुणा मुलाकडे वळली होती. बोटं गमावलेला माणूस चहाच्या पलीकडे बसून सगळं ऐकत होता आणि आम्ही त्याच्या हाताबद्दल विचारून पुढे गेलो, त्याच्या कामाबद्दल विचारलं नाही.

पुढच्या फेस्ताला कुपनांचा हिशोब खजिनदार मुलीने हॉलमध्ये वाचून दाखवला. मागील येणे बाकी, ₹2,400. कुणी नाव विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.